शून्य क्लिकच्या अक्का

टाळ्या थांबेपर्यंत अक्का स्वतःच्या चपलांकडे बघत उभ्या राहिल्या.

“तीन वर्षं,” सुरक्षासाहेब म्हणाले. “तीन वर्षांत आम्ही एकशे ऐंशी खोट्या मेल पाठवल्या. कुणाला बक्षीस लागल्याची, कुणाचं पार्सल अडकल्याची. अक्का एकदाही फसल्या नाहीत. एक क्लिक नाही. शून्य.”

लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्या त्या कंपनीत अक्का आवक-जावक सांभाळत. सुरक्षासाहेबांचं काम कर्मचाऱ्यांना संगणकावरच्या चोरांपासून वाचवण्याचं होतं. त्यासाठी ते स्वतःच चोरासारख्या मेल पाठवत आणि कोण उघडून आतली लिंक दाबतं ते टिपून ठेवत. इशारे, कोड आणि दर महिन्याला बदलायचे पासवर्ड यांनी माणसं इतकी जेरीस आली, की शेवटी वरून हुकूम आला: यांचा शीण घालवा. म्हणून आजचं हे शीणपरिहार सत्र. त्याचं निमंत्रण मेलनेच गेलं. आत लिंक होती, त्यामुळे कुणीच ते उघडलं नाही. मग साहेबांनी टेबलाटेबलाशी जाऊन विनवण्या केल्या.

“अक्का, तुमचं गुपित सांगा ना सगळ्यांना.”

“गुपित कसलं डोंबलाचं? मी आपली उठते, ज्याचं काम त्याच्याकडे चालत जाते आणि विचारते, बाबा रे, काय पाठवलंयस?”

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, ‘प्रत्यक्ष पडताळणी’. त्याखाली दोन रेघा ओढल्या. माणसांनी ते वहीत उतरवून घेतलं. अक्कांचे कान तापले. कौतुकाने लाजल्या, असं पुढच्या रांगेतल्या बायका आपसांत म्हणाल्या.

शेवटच्या रांगेत ढापण्या बसला होता. जाड भिंगांचा चष्मा, म्हणून हे नाव. तेच त्यानेही मुकाट्याने स्वीकारलेलं. तो तक्रारींचा फोन घेई. लिफ्टमध्ये कुणी अडकलं, की मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाला गप्पांत गुंतवून ठेवायची त्याची हातोटी होती. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या एका आजोबांना त्याने हसवलं होतं. पण साहेबांच्या तक्त्यात हसवण्याचा रकाना नव्हता. क्लिकचा होता, आणि त्यात ढापण्यासमोर पाचचा आकडा होता.

सत्र संपल्यावर तो अक्कांच्या टेबलाशी आला आणि कागदांचा गठ्ठा ठेवून म्हणाला, “घ्या. तुमच्या आजच्या सतरा.”

कंपनीला बाहेरून येणाऱ्या मेल, अक्कांच्या कामाच्यासुद्धा, त्याच्याच पत्त्यावर येत. स्क्रीनवर वाचलेलं डोक्यात राहत नाही, कागद हातात हवा, असं अक्कांनी केव्हातरी म्हटलं होतं. तेव्हापासून तो स्वतःच्या मेलबरोबर त्यांच्याही उघडून, छापून आणून देई.

“साहेब काय म्हणाले रे?”

“चार वाजता बोलावलंय. गोदामात पाठवतायत म्हणे, तारांची भेंडोळी राखायला. तिथे संगणकच नाही. म्हणजे मी सुरक्षित. निदान कंपनी तरी.”

“पाच वेळा कसा रे फसलास?”

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. “फोनवर बाई रडत असते, इकडे मेल येते, ताबडतोब उघडा. सकाळपासून शंभर उघडल्या की खरी काय नि खोटी काय, सगळ्यांचं तोंड सारखंच दिसायला लागतं. तुमचं बरंय, अक्का. किती शांत असता. मला शिकवा की जरा. पुढच्या जन्मी उपयोगी पडेल.”

अक्का वरचा कागद उलटा धरून बराच वेळ वाचत राहिल्या.

चार वाजता त्या बोलावणं नसताना साहेबांच्या खोलीत गेल्या. ढापण्या टेबलासमोर उभा होता. समोर बदलीचा कागद होता, फक्त सही राहिली होती.

“या, या,” साहेब खुलले. “बरं झालं आलात. तुमचा फोटो लावणार आहोत, प्रत्येक मजल्यावर. खाली लिहायचं, ‘असे वागा’. बघ रे, अक्का निवृत्तीला आल्या, तरी नजर केवढी तीक्ष्ण. आणि तू?”

“मला लाज वाटते, साहेब,” ढापण्या म्हणाला.

“त्याने लाजायचं कारण नाही,” अक्का म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. “पाचांतल्या चार क्लिक माझ्या नावावर घाला.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “तुम्ही त्याच्या संगणकावर बसला होतात?”

“नाही. बसला तोच होता. पण त्या चार मेल माझ्या कामाच्या म्हणून त्याने उघडल्या होत्या. दोघांची कामं एकटा उपसत होता, मग थकणार नाही तर काय?”

“अक्का, त्याला वाचवायला काहीतरी सांगू नका. तुमची शिस्त आम्ही तीन वर्षं बघतोय.”

“शिस्त नाही हो ती.”

“मग तुमच्या मेल तुम्ही स्वतः का उघडत नाही?”

अक्कांनी दाराकडे पाहिलं. ते लावून घ्यावं असं त्यांना वाटलं, पण लावलं नाही.

“तुम्ही पहिल्यांदा पासवर्ड बदलायला लावलात ना, त्याच दुपारी नवा विसरले. उद्या विचारू, उद्या विचारू म्हणता म्हणता विचारायचीच लाज वाटायला लागली,” त्या म्हणाल्या. “साहेब, तुमची एकही मेल मी आजवर पाहिलेली नाही.”