वायर काढली की रुसतो

"आता काय दिसतंय?" मुलाने फोनवरून विचारलं.

"तुझं थोबाड सोडून सगळं दिसतंय," आई म्हणाली.

नोकरी सुटल्यापासून आठ महिने तिने त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. शेजारीण चौकशी करायची तेव्हा "कामात असतो" एवढं सांगून ती विषयाला कुलूप घालायची. आपल्या पोराची कीव दुसऱ्या कुणी केलेली तिला खपणारी नव्हती.

ओट्यावर तळहाताएवढा कॉम्प्युटर उघडा होता. बोटभर कीबोर्ड, आत विंडोजऐवजी लिनक्स. मुलाने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. चालता चालता तो मध्येच मिनिटभर गोठायचा आणि मग आपोआप भानावर यायचा. तीनदा सगळं पुसून नव्याने भरलं, तरी तेच. शेवटी वैतागून मुलगा म्हणाला, "भंगारात दे." तेव्हापासून त्याने कशालाच हात लावला नव्हता.

आईने तो भंगारात दिला नाही. रोज दुपारी ती कॉम्प्युटर उघडायची, चष्मा चढवायची आणि मुलाला फोन लावायची. पोराचा जीव अजून कशात अडकलेला असेल, तर या डबीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जेवलास का?"

"हो. भाजीत मीठ जास्त होतं."

"करणारीच्या कानावर घालते. पुढे सांग."

"राहू दे ना आई. मेमरी कार्डच खराब असणार."

"असणार म्हणजे? पाहिलंस?"

"पाहायचं काय त्यात?"

"मी पाहिलंय," आई म्हणाली. "आठवडाभर घड्याळ लावून बसलेय. चार्जिंगची वायर लावलेली असली की हा दिवसभर शहाण्यासारखा वागतो. वायर काढून इकडे दुधाजवळ आणला की पाच मिनिटांत रुसतो."

"योगायोग असेल."

"अकरा वेळा?"

पलीकडे खुर्ची करकरली. "गोठायच्या आधी काही होतं का?"

"वर कोपऱ्यात उघडलेल्या पंख्यासारखी खूण आहे बघ. ती आधी जाते, मग हा गोठतो. खूण परत आली की हाही जागा होतो."

"वायफाय?" मुलाचा आवाज बदलला. "आई, मी सांगतो ती अक्षरं दाब. डी, एम, ई, एस, जी. मग एंटर. काय काय बिघडलं त्याची नोंद दिसेल."

तिने एका बोटाने दाबली. औषधांच्या बाटल्या वाचून वाचून इंग्रजी अक्षरांशी तिची तोंडओळख झाली होती. पडद्यावर भराभर ओळी धावल्या.

"मुंग्यांची रांग लागलीय."

"शेवटची ओळ वाच. एकेक अक्षर."

"डब्ल्यू, एल, ए, एन, शून्य..."

"म्हणजे वायफायच! बॅटरीवर आला की वीज वाचवायला तो वायफायला झोपवतो, आणि ते उठेपर्यंत बाकी सगळं त्याची वाट पाहत बसतं. मी मूर्खासारखा कार्ड पुसत बसलो. पुढे काय लिहिलंय?"

आठ महिन्यांत त्याने तिला इतकी वाक्यं एका दमात ऐकवली नव्हती. आईने चष्मा काढला आणि घडी घालून ठेवला.

"डोळे दुखले. आता नाही वाचवत."

"आई, एवढी एकच ओळ!"

"चौथी शिकलेल्या बाईला किती राबवशील?"

"मग फोटो काढून पाठव."

"फोटो धुरकट येतात माझे."

"काल तर चांगला आला होता!"

"काल येत होते. आज येत नाहीत. आणि हे बघ पंडित, वायर काढून पाच मिनिटं झाली. पंख्याची खूण गेली."

"आत्ता? आत्ता गोठलाय?"

"दगड झालाय नुसता. मिनिटभराने उठेल. बघायचं असेल तर स्वतःच्या डोळ्यांनी बघ, नाहीतर उद्या जाईल भंगारात."

आईने गॅस बारीक केला.

"तिथे आणखी कुणी आहे?" मुलाने हळूच विचारलं.

"मी आहे. आणि हा रुसलेला आहे."

"बरं. येतो."

"कधी?"

फोन बंद झाला आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीची कडी आतून निघाली.