कॉम्प्युटरची दातखीळ

सव्वादहा झाले होते आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नव्हता. एरवी पडद्यावरचं अक्षर न् अक्षर तो तिला वाचून दाखवायचा. डोळ्यांनी दिसत नसलं तरी त्या आवाजाच्या भरवशावर ती पानंच्या पानं भाषांतर करायची. आज अकराला तिची परीक्षा होती. येईल तो मजकूर तासाभरात भाषांतर करून पाठवायचा. जमलं तर नोकरी पक्की.

तिने हेडफोन काढून पुन्हा लावला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. काही नाही.

"बाबा, जरा येता का?"

वडिलांचा जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेलेला. चष्मा पुसत ते तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "दातखीळ बसली की काय याची?"

ती शाळेत असताना तिची पुस्तकं तेच वाचून दाखवत. कॉम्प्युटर आला तसं तिने त्यासाठी त्यांना हाक मारणं सोडलं होतं.

"मी कमांड टाइप करते. खाली काय येतं ते सांगा."

"इंग्रजी आहे गं. दोन ओळी." पडद्यावर बोट टेकवून ते एकेक अक्षर वाचू लागले. दुसऱ्या ओळीच्या मध्यावरच तिने त्यांना थांबवलं.

"कळलं. आवाजाचं काम बघणारे दोन प्रोग्रॅम एकदम चालू आहेत. कालच्या अपडेटमध्ये नवा आला, पण जुना गेलाच नाही. साउंड कार्ड तोच धरून बसलाय, म्हणून नव्याला आवाज काढता येत नाही."

"मग जुन्याला घरी पाठव."

तिने पाठवला. पडद्यावर ओळ एकच उरली. तरी आवाज नाही. पावणेअकरा झाले.

वडिलांनी घसा खाकरला. "हे बघ, नाहीच झालं तर मी वाचतो. तू टाइप कर. पूर्वीसारखं."

"परीक्षा माझी आहे, बाबा."

तिने तीच कमांड पुन्हा टाइप केली. मग म्हणाली, "परत एकदा वाचता?"

त्यांनी वाचलं. ओळी पुन्हा दोन होत्या. जुना आपोआप उठून बसला होता. या खेपेला तिने तो बंद केलाच, शिवाय परत उठणार नाही अशी तजवीज केली, आणि नव्याला पुन्हा सुरू केलं.

तिच्या चेहऱ्यावरूनच वडिलांना कळलं. तिने हेडफोनची पिन उपटली. स्पीकरमधून नुसती भरभर बडबड ऐकू आली.

"हे बोलणं आहे? मला एक शब्द कळेल तर शपथ!"

"मला सवय आहे. वेग वाढवून ठेवलाय."

"बरं. झालं माझं काम." ते उठू लागले.

"बसा ना. अजून सहा मिनिटं आहेत."

तिने वेग कमी केला. मग आणखी कमी केला. कॉम्प्युटर परीक्षेच्या सूचना सावकाश, एकेक शब्द सुटा करत वाचू लागला. वडील मान किंचित कलती करून शेवटच्या सूचनेपर्यंत ऐकत राहिले.

"वाचतो बरा," ते म्हणाले.