मोकळी वाट

"तेव्हा तुम्ही होता कुठे, बाबा?"

"इथंच. पेपर वाचत होतो. लक्ष नव्हतं माझं."

आईला जाऊन पाच दिवस झाले होते. लेकीनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं आणि बाबांनी तिन्ही वेळा मान खाली घालून तेच उत्तर दिलं होतं.

ती कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. अपघात झाला की कारण सापडेपर्यंत तिला अन्न गोड लागत नसे. माणसांच्या जाण्यायेण्याच्या वाटेत एकही वस्तू नको, हा तिचा तिथला पहिला नियम. आई थकत चालली तसा तिनं तो माहेरीही लागू केला. महिन्यापूर्वी येऊन तिनं पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट मोकळी केली. बुटकं कपाट, शिलाई मशीन, वेताची खुर्ची, सगळ्यांची रवानगी गॅलरीत. आई पलंगावर बसून बघत होती.

"विमान उतरवणार आहेस का गं इथं?"

तिसऱ्या दिवशी आई त्याच वाटेवर, अगदी मधोमध पडली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून ती परत आलीच नाही.

लेकीनं मनातल्या मनात एकेक कारण खोडून पाहिलं होतं. फरशी कोरडी होती. दिवा चालू होता. चपला नव्या, न घसरणाऱ्या, तिनंच आणलेल्या. वाटेत काडीसुद्धा नव्हती. मग उरले बाबा.

"आयुष्यभर तिनं तुमचं सगळं हातात दिलं," ती म्हणाली. "तुम्हाला बारा पावलं तिच्यासोबत जाता आलं नाही?"

"चुकलंच माझं."

ती ताडकन उठली आणि तोंड धुवायला बाथरूममध्ये गेली. नळाकडे हात नेला, तोच बाहेर बादली टेकल्याचा आवाज आला. कामाच्या मावशी आल्या होत्या.

"काका, ती मशीन आता आत घेऊ का? गंजेल तिथं. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला. काकू आधी कपाट धरायच्या, मग मशीन, मग खुर्ची. अशा हात टेकत टेकत तर जायच्या बिचाऱ्या. धरायलाच काही ठेवलं नाही, मग बाई पडेल नाही तर काय?"

"हळू बोला, मावशी," बाबांचा दबका आवाज आला. "पोरीच्या कानावर जाता कामा नये. तिला अजून पुष्कळ जगायचंय."