शेजारचं घर

इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या शेतांमध्ये एकमेकांना चिकटलेली दोन जुनी घरं होती. एकात अंशुमन खांबेटे आणि त्याची बायको ईशानी राहत, दुसऱ्यात विनिफ्रेड ही म्हातारी शेतकरीण. घरं सारखीच, पण अंशुमनला कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, जास्त होता, म्हणून त्याने अपील केलं. पुराव्यासाठी विनिफ्रेडने त्याला आपलं घर मोजू दिलं. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं. सुनावणीत अधिकारी म्हणाला, “तुमचं म्हणणं बरोबर, घरं सारखीच. पण चुकलाय शेजारणीचा टॅक्स. आता तो वाढवावा लागेल.” “मग मी अपील मागे घेतो,” अंशुमन घाईने म्हणाला. “त्याने काही बदलणार नाही.” परतताना ईशानी म्हणाली, “त्यांना बाहेरून कळायच्या आत तूच सांग.” फाटकाशीच त्याने विनिफ्रेडला सांगितलं. “सांगितल्याबद्दल आभारी आहे, मिस्टर खांबेटे,” ती म्हणाली. त्या सकाळपर्यंत ती त्याला अंशू म्हणत होती.