आतली कडी

पूर्वीचं खेळाडूंचं वसतिगृह. आता पुढे बगीचा आणि मागे पाहुण्यांसाठी खोल्या. परीक्षेसाठी चंद्रपूरला आलेली दिव्यानी पाच वर्षांच्या उर्वशीला घेऊन तिथे उतरली आणि पाहते तर काय, दाराला आतून कडीच नाही. होती ती फक्त बाहेरून.

"पोरी आतून कडी लावून झोपत, पहाटे पळायले उठतच नसत. म्हणून खेळाच्या सरानं आतल्या कड्याच काढून टाकल्या," रखवालदार रामाजी हसत म्हणाले. "पन बाई, दिवस बुडाला का पोरीले बाहेर सोडू नका. बगीच्यात बिबट्या येते."

झालं! दिवस बुडायच्या आधीच दिव्यानीने दाराला खुर्ची लावली आणि लेकीकडून दहादा घोकून घेतलं, "बाहेर जायचं नाई, बिबट्या येते." मग जीव मुठीत धरून दोन मिनिटं तोंड धुवायला खोलीतल्याच न्हाणीत गेली.

परतली तर खुर्ची बाजूला आणि दार बाहेरून बंद. दोन्ही हातांनी ती दार बडवू लागली.



पलीकडून उर्वशीचा समजूतदार आवाज आला, "आई, माझा चेंडू बगीच्यात राह्यला, मी घेऊन येते. तू बाहेर येऊ नको हं, बिबट्या येते!"