शास्त्रलेखाप्रमाणे फटके

डोंगरकड्याच्या चर्चमधल्या गुड फ्रायडे-ईस्टरच्या नाटकात दाजी येशू होते, मी रोमन शिपाई. गुरुवारी त्यांनी ताईला मारून तिचा डोळा सुजवला, म्हणून शुक्रवारी मी चिंध्यांचा आसूड घरी ठेवून बैलांचा आणला. खांबाला बांधलेल्या दाजींच्या पाठीतून दुसऱ्याच फटक्याला रक्त आलं. "आरं, हा खरंच मारून राहिला!" दाजी किंचाळले. अभिनय बघून मंडळी हुंदके देऊ लागली. पाळक म्हणाले, "चालू द्या, शास्त्रलेख पूर्ण झाला पाहिजे." मी पूर्ण केला. रविवारी दाजी कबरीतून उठले. शास्त्रात कबरीवर पहारा देणारा शिपाई मेल्यासारखा पडतो, म्हणून मी पडलो. दाजींनी माझा आसूड उचलला. मी दात आवळले. पण उठलेला येशू आधी मरीयेशी बोलतो, आणि मरीया ताईच होती. "बाई, का रडतेस?" हे शास्त्रातलं वाक्य म्हणताना दाजींचा आवाज फाटला. ताई म्हणाली, "मी कुठं रडून राहिले? तुमीच रडून राहिलात."