सहा दाखले

धुळ्याच्या त्या मुलींच्या शाळेत पाचवीला प्रवेश मिळवणं म्हणजे खायचं काम नाही. आमच्या शिरपूरकडच्या गावची शाळा ती केवढीशी, सातवीपर्यंत मिळून चोवीस पोरं. पण नवल गुरुजी वर्षभर रोज शाळेच्या तासभर आधी शिकवायला बसले आणि चौथीतल्या सातपैकी सहा पोरींची नावं निवड यादीत लागली. गावानं गुरुजींची वाजतगाजत मिरवणूक काढली. शाळा सोडल्याचे सहाही दाखले गुरुजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात हौसेनं लिहून दिले.

जूनमध्ये वरून पत्र आलं. पट अठरावर आला, वीसच्या खाली शाळा चालवता येत नाही, उरलेली मुलं नदीपलीकडच्या शाळेत पाठवा.

गुरुजी भिंतीवरचे तक्ते उतरवत होते. यादीत नाव न आलेली, चौथीतली मागे राहिलेली एकटी मोहिनी कितीतरी वेळ दाराशी उभी होती. शेवटी तिनं खाली मान घालून विचारलं,



"गुरुजी, मनं नाव यादीमा वनं नही, म्हनीसन शाळा बंद व्हयनी का?"